ज्वालामुखी झिजून गेल्यावर खाली काय उरतं?

(ग्रॅनाइटचा तुकडा कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार! जरा जवळून बघा. पांढरट-गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, काळं अभ्रक. कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येतायत ना? शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीवर आला की झटपट थंड होतो, स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही. इतके मोठे कण आहेत, म्हणजे हा काही किलोमीटर खोल, हळूहळू थिजलाय. आणि आज तो उघड्यावर आहे, म्हणजे त्याच्यावरचे तेवढे किलोमीटर खडक झिजून वाहून गेलेत. त्या गेलेल्या खडकांत बऱ्याचदा ज्वालामुखी होते.

(पडद्यावर नकाशा: सिएरा नेवाडा)

कॅलिफोर्नियातला हा ग्रॅनाइटी पट्टा सुमारे 600 किलोमीटर लांब आहे, तोही किनाऱ्याला समांतर. डायनोसॉरच्या काळात फॅरेलॉन नावाची महासागरी प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा प्रचंड तुकडा, इथे उत्तर अमेरिकेखाली सरकत होती. साधारण 100 किलोमीटर खोलीवर तिच्या खनिजांतलं पाणी सुटून वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, शिरलं, आणि पाण्यामुळे प्रावरणाचा वितळणबिंदूच खाली आला. तापमान न वाढताच खडक वितळला! या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

हा बेसॉल्टी शिलारस वर चढून कवचाच्या तळाशी अडकला. तिथे काही स्फटिक मागे सोडत, आजूबाजूचं कवच वितळवत गेला, तशी उरलेल्या रसातली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनतं ते द्रव्य, वाढत गेली. वर ज्वालामुखींची रांग, खाली ग्रॅनाइट. अँडीजमध्ये हे आजही चालू आहे.

हे घडलं कधी? त्यासाठी ग्रॅनाइटमधला झिरकॉन शोधायचा. हा बारीकसा स्फटिक तयार होताना युरेनियम सामावून घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमच्या क्षयातून आलेलं. युरेनियम-238 निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं.

याच सिएरा नेवाडातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, तुओलम्नी भागात, या वयांनी गंमत केली. कडेचा खडक सुमारे 9.5 कोटी वर्षांपूर्वीचा, मधला 8.5 कोटी! एकाच साठ्यातला शिलारस 1 कोटी वर्षं पातळ राहणं अवघड. तो हप्त्याहप्त्याने आला असणार. जमिनीखालचा एकच अवाढव्य फुगा, हे पुस्तकातलं चित्र विसरलेलं बरं.

पुढे साधारण 8 कोटी वर्षांपूर्वी सिएरातलं हे काम थांबलं आणि शिलारसाची हालचाल पूर्वेकडे सरकली. प्लेट खोल जायचं सोडून जवळजवळ आडवी सरकू लागली, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

पण सावधान, प्रत्येक ग्रॅनाइटमागे बुडणारा महासागर नसतो.

(पडद्यावर: लडाख आणि हिमालय)

लडाखच्या करड्या ग्रॅनाइटी खडकांत हॉर्नब्लेंड हे काळपट खनिज सापडतं. टेथिस महासागराचा तळ आशियाखाली जात होता, तेव्हाचे हे खडक. त्याच्या दक्षिणेला, उंच हिमालयात मात्र पांढरेशुभ्र ग्रॅनाइट आहेत. त्यांत पांढरं अभ्रक, टूर्मलीन, कुठे कुठे गार्नेट अशी खनिजं. हे बरेचसे सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीचे. तोपर्यंत टेथिस मिटून भारत आशियाला भिडला होता, आणि दुमडून जाड झालेल्या कवचातले जुने गाळाचे थरच खोलवर वितळले होते.