मर्दाने रडायचं नसतं

मंडळी, टँगोचा नाच आपण सिनेमात पाहिलेला असतो, त्याचे शब्द मात्र फारसे कानावर येत नाहीत. आज त्या शब्दांतल्या पुरुषाबद्दल बोलू या.

1931 सालचं ‘तोमो इ ओब्लिगो’ (मी पितो आणि तुम्हालाही पाजतो) हे टँगोगीत घ्या. शब्द मान्वेल रोमेरोचे. चाल आणि आवाज टँगोचा विख्यात गायक कार्लोस गार्देल याचा. दारू पिता पिता एकजण समोरच्याला आग्रह करतो, तुम्हीही घ्या, आज मला एक आठवण मारून टाकायची आहे. मग आपल्याला फसवणाऱ्या प्रेयसीबद्दल बोलत सुटतो. शेवटी सल्लाही देतो: प्रेमात पडू नका, आणि पडून तोंडघशी पडलात तर सोसा, रडू नका. मर्दाने रडायचं नसतं! पण तोवर त्याने काय काय सांगून टाकलेलं असतं? जिथे तिचं चुंबन घेतलं त्या निष्पर्ण झाडाखाली आपण कितीदा थरथरत गुडघे टेकले, हेसुद्धा. मर्दपणाचा नियम तो सुरुवातीलाही सांगतो आणि शेवटीही, मधल्या वेळात मात्र मोडतो.

याच गाण्यात तो असंही म्हणतो, की तिला दुसऱ्याच्या मिठीत पाहिलं तेव्हा तिथल्या तिथे मारलं कसं नाही, याचंच मला नवल वाटतं. ही ओळ गाळून गाण्याचं कौतुक करू नये, असं मला ठामपणे वाटतं. रडणारा आणि जीव घ्यायला निघालेला, माणूस एकच आहे.

आता थोडं मागे जाऊ. 1914 च्या जनगणनेत, टँगो जिथे वाढला त्या ब्वेनोस आयरेसची, म्हणजे अर्जेंटिनाच्या राजधानीची, जवळजवळ निम्मी वस्ती परदेशात जन्मलेली होती. त्यात एकटे पुरुष फार. चाळीसारख्या दाटीच्या घरांतल्या खोल्यांत ते राहत. अशाच एका खोलीतलं गाणं म्हणजे ‘मि नोचे त्रिस्ते’ (माझी उदास रात्र). सामुएल कास्त्रिओताच्या चालीवर पास्क्वाल कोन्तुर्सीने शब्द बसवले आणि 1917 मध्ये गार्देलने ते ध्वनिमुद्रित केलं. ती सोडून गेली आहे. तो अजून ‘माते’ या चहासारख्या पेयाबरोबर खायला बिस्किटं आणतो, जणू ती घरातच आहे. रात्री दार लावत नाही, न जाणो, ती परत आली तर. गिटार कपाटात टांगलेली, दिवा नीट उजेड देत नाही. त्याला रडावंसं वाटतं, पण रडल्यासारखा दिसतो तो धुरकटलेला आरसा! अश्रू कोन्तुर्सीने आरशाला दिले, आणि पुरुषाची अब्रू राखली.

मग हा माणूस स्वतःची चूक कुठे कबूल करतो? एन्रिके कादिकामोने लिहिलेल्या ‘ला कासिता दे मिस विएहोस’ (माझ्या आईवडिलांचं घरकुल) या गाण्यात. वाया गेलेला मुलगा घरी परततो. म्हातारा नोकर त्याला केवळ आवाजावरून ओळखतो. आई आजारी आहे. इथे मात्र तो तरुणपणीच्या वेडेपणाबद्दल सरळ बोलतो, आणि आयुष्यात माफ करते ती एकटी आईच, असं म्हणतो.

म्हणजे चूक कबूल करायलाही त्याला अशीच व्यक्ती लागते, जिची माफी आधीच ठरलेली आहे. सोडून गेलेल्या बाईपुढे तो विरह मांडतो, राग मांडतो. ती का गेली, हे या गाण्यांत तो तिला एकदाही विचारत नाही.