पक्षी मोजण्याआधी चिखल बघा

शिवडी ते न्हावा-शेवा या अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झालं. एकूण लांबी 21.8 किलोमीटर, त्यातला सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावर. मुंबईच्या बाजूला तो खाडीत शिरतो तिथे शिवडीची चिखलवट आहे, रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची हक्काची जागा. अशा ठिकाणी बांधकामाचा परिणाम तपासणारी जैविक पाहणी म्हटलं की सगळे विचारतात, पक्षी किती? माझं म्हणणं, त्याआधी भरतीचं वेळापत्रक आणि चिखल बघा.

भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. रोज सकाळी आठला मोजणी केली, तर आज जिथे उघडा चिखल आहे तिथे आठवड्याने त्याच वेळी पाणी काठाला लागलेलं असतं. मग ‘काम सुरू झालं आणि पक्षी निम्मे झाले’ असा अहवाल तयार होतो, प्रत्यक्षात फक्त पाणी चढलेलं असतं. याहून वाईट म्हणजे खरी घटही अशाच आकड्यांत लपून जाते. म्हणून मोजणी घड्याळावर नको, भरतीवर बांधा. पूर्ण भरतीनंतर दोन-अडीच तासांनी, थवे ओसरत्या पाण्यामागे सरकत असताना मोजा. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब जातात की छोटा रोहित कुठला नि मोठा कुठला, दुर्बिणीतूनही कळत नाही. आणि ते कळायलाच हवं. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा चिखलातले किडे आणि बारीक कवचधारी जीव. उधाणाचे (मोठ्या भरतीचे) आणि भांगाचे (लहान भरतीचे), दोन्ही दिवस घ्या.

आता चिखल. काठापासून पाण्याकडे सरळ रेषा आखा आणि तिच्यावर वर, मध्ये, खाली अशी ठिकाणं ठरवा. प्रत्येक ठिकाणी 10 सेंटिमीटर व्यासाची नळी 15 सेंटिमीटर खोल दाबून निदान पाच नमुने काढा. एक जादा नमुना उभा चिरून बघा: वरचा पातळ थर तपकिरी, खाली काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. काळा थर पृष्ठभागाजवळ येत चालला, तर चिखलातला प्राणवायू घटतोय. बाकीचे नमुने अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत, खाडीच्याच पाण्यात हलवून धुवा. नळाची धार मारली की किडे तुटतात आणि तुकडे मोजले की एकाचे तीन होतात. मोजायची ती फक्त डोकी. टिकवायला बोरॅक्स घातलेलं फॉर्मॅलिन. त्यात थोडा रोझ बेंगाल हा रंग टाकला की जीव गुलाबी होतात आणि कचऱ्यातून वेचता येतात.

तुलनेची जागा निवडताना फार चुका होतात. मुंबईच्या खाडीत सांडपाणी आधीपासूनच आहे. ते सोसणारे किडे पुलाआधीही भरपूर असतात. दूरची स्वच्छ, देखणी खाडी तुलनेला घेतली तर सगळा दोष पुलावर जातो. तसाच गाळ, तेवढंच सांडपाणी, तीच भरती, फक्त बांधकाम नाही, अशी जागा शोधा. आणि दोन्हीकडची पाहणी कामाची पहिली गाडी येण्याआधी, निदान एक पूर्ण वर्ष व्हायला हवी.

कांदळवनाबाबत कायदा स्पष्ट आहे: 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवती 50 मीटर बफर, म्हणजे राखीव पट्टा. नकाशावर बफर सुरक्षित दिसतो, पण तात्पुरत्या रस्त्यासाठी टाकलेला भराव भरतीची वाट अडवतो. आत पाणी साचून राहतं किंवा गाळ चढतो, तिवरांची श्वसनमुळं बुडतात आणि झाडं उभ्याउभ्या वाळतात. झाडं मोजून हे वेळेत कळत नाही. ठरावीक खुंट्यांपाशी मुळांची गाळावरची उंची दर महिन्याला मोजा.

अटल सेतूच्या पायांसाठी हातोड्याचे घाव कमी करणारी रिव्हर्स सर्क्युलेशन ड्रिलिंग वापरली, म्हणजे भोक पाडताना निघणारा राडा पाण्यासोबत नळीतून वर ओढून घ्यायची पद्धत. आवाज आणि हादरे त्याने कमी होतात. अशा ड्रिलिंगमधून निघणारा राडा, आणि भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइट ही बारीक माती वापरली असेल तर तीही, खाडीत जाता कामा नये. हे सगळं बारीक असतं, चिखलावर साय धरतं आणि बिळांची तोंडं बुजवतं. केसिंगचे (भोकातल्या लोखंडी नळीचे) सांधे तपासा आणि राड्याच्या टाक्या काठोकाठ भरत नाहीत ना हे रोज बघा, पावसाळ्यात तर दोनदा. कामासाठी उभारलेला तात्पुरता पूल काढल्यावर त्याच्या खांबांच्या जागीही तेच पाच नमुने पुन्हा घ्या.