सरकलेल्या रेषा आणि एक क्वेसार

नमस्कार मंडळी! आज गप्पा जरा लांबच्या, म्हणजे किती लांबच्या तर जवळजवळ अडीच अब्ज प्रकाशवर्षं. कन्या राशीत ३सी २७३ नावाचा क्वेसार आहे, म्हणजे लांबच्या आकाशगंगेचा प्रचंड चमकणारा मध्य, जिथे मोठ्या कृष्णविवराभोवती तापलेला वायू फिरत असतो. फोटोत बघाल तर साधा तारा वाटेल.

१९६२ मध्ये चंद्र याच्यासमोरून गेला, तेव्हा याचा रेडिओ सिग्नल नेमका कधी गायब झाला नि कधी परत आला हे सिरिल हॅझार्ड आणि मंडळींनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीवरून मोजलं आणि त्याची जागा पक्की केली. (चंद्राची हीच युक्ती पुढे आपल्या गोविंद स्वरूप यांनी उटीच्या दुर्बिणीवर भरपूर वापरली, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारणारे तेच स्वरूप.) मग कॅलिफोर्नियात पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून मार्टेन श्मिट यांनी याचा स्पेक्ट्रम, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशाचा पट्टा, घेतला आणि डोकंच चालेना. ताऱ्याच्या पट्ट्यात बहुतेकदा काळ्या रेषा असतात, इथे चमकत्या, म्हणजे उत्सर्जन रेषा, त्याही पसरट, आणि कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात.

फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की रेषांमधल्या अंतरांना एक शिस्त आहे, अरे हा तर हायड्रोजन! फक्त सगळ्या रेषा तांबड्या बाजूला जवळपास १६ टक्के सरकल्यात. हायड्रोजनची बीटा रेषा ४८६ नॅनोमीटरला हवी, ती ५६३ च्या आसपास सापडली. वस्तू आपल्यापासून लांब पळत असली की रेषा अशा तांबड्याकडे सरकतात, म्हणजे पळण्याचा वेग सेकंदाला ४७ हजार किलोमीटर. जितका वेग जास्त तितकी वस्तू लांब, आणि एवढ्या लांबून इतकं तेजस्वी दिसायचं तर अख्ख्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी जास्त उजेड हवा.

पण मला विचाराल तर खरी मजा त्या पसरटपणात आहे. रेषा पसरते कारण कृष्णविवराभोवती वायू भन्नाट वेगाने फिरतोय, काही आपल्याकडे येतोय काही लांब जातोय, त्यामुळे तीच रेषा दोन्ही बाजूंना ताणली जाते. वेग कळला, वायू केंद्रापासून किती लांब ते कळलं की कृष्णविवराचं वजनच निघतं! २०१८ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी जोडून हे केलं, उत्तर आलं साधारण ३० कोटी सूर्य.

आणि हो, हौशी लोकांनीही छोट्या दुर्बिणीला ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच) आणि कॅमेरा लावून या सरकलेल्या रेषा पकडल्यात बरं का. मार्च ते मे कन्या रास रात्री छान वर असते, फक्त अमावास्येच्या आसपासची तारीख धरा आणि शहराच्या लाइटपासून लांब जा.