शोकेसमधली इजिप्तची मांजर

नमस्कार श्रोतेहो. इजिप्तच्या प्राणीदेवतांच्या प्रतिकृती आता किती घरांत दिसतात! काळा, ताठ कानांचा, कोल्ह्याच्या रूपातला अनुबिस, ससाण्याच्या रूपातला होरस आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे शेपटी पायांशी घेऊन बसलेली मांजर, बास्तेत देवी. बहुतेक रेझिनच्या, साच्यातून काढून रंगवलेल्या. आज बोलायचं आहे ते या मांजरीबद्दल.

तिची सर्वांत प्रसिद्ध मूळ मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षांची, ब्राँझची, आतून पोकळ. कानांत सोन्याच्या बाळ्या, नाकात सोन्याची कडी, छातीवर चांदीत जडवलेला होरसचा डोळा, म्हणजे रक्षणाचं चिन्ह. डोक्यावर आणि छातीवर शेणकिडा कोरलेला, कारण इजिप्तमध्ये तो उगवत्या सूर्याचं रूप. लक्षात ठेवा: कान, नाक, छाती, डोकं.

आता तिची गोष्ट. मेजर रॉबर्ट गेयर-अँडरसन हे ब्रिटिश लष्करातले डॉक्टर. नोकरी इजिप्तमध्ये, आणि जुन्या वस्तूंचा मोठा नाद. पुढे कैरोत इब्न तुलून मशिदीला लागून असलेल्या जुन्या वाड्यात ते राहिले. ते घर आज संग्रहालय आहे. (जुने वाडे पाडून त्यांचे फोटो भिंतीवर लावण्यापेक्षा वाडे असे राखावेत, हे माझं ठाम मत आहे.) १९३०च्या दशकात ही मांजर त्यांच्या हाती आली, ती अंगभर गंजाचं जाड कवच घेऊन. डॉक्टरांनी ते खरवडून काढलं. पुढे म्युझियमने क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा दिसलं की पोटाभोवती जवळजवळ पूर्ण गोल तडा गेलेला आहे! डोकं जागेवर राहिलंय ते आतल्या आधारामुळे. ही दुरुस्ती बहुधा डॉक्टरांनीच केलेली. आणि वरचा तो सुंदर हिरवट रंग? तो दुरुस्ती झाकण्यासाठी दिलेला. म्हणजे ज्या हिरव्या झाकेला आपण अडीच हजार वर्षांची समजतो, आणि प्रतिकृती करणारे जी हुबेहूब उतरवू पाहतात, ती विसाव्या शतकातली! मला ही गोष्ट फार आवडते. एका माणसाने मोडकी मूर्ती फेकली नाही, विकली नाही. जोडली, आणि शेवटी म्युझियमला देऊन टाकली.

त्यांच्या कैरोतल्या घरी आणि इंग्लंडमध्ये लॅव्हनहॅम गावातल्या घरीही आज तिच्या प्रतिकृती आहेत. तेव्हा प्रतिकृतीला कमी लेखू नका.

घेताना मात्र पुन्हा तेच पाहा: कान, नाक, छाती, डोकं. नाकातली कडी गाळलेली असेल, शेणकिड्याच्या जागी नुसता फुगवटा असेल, तर दुसरी मागा. आणि विक्रेता ‘खरी, जुनी’ म्हणाला तर मुळीच घेऊ नका. इजिप्तमधून पुरातन वस्तू बाहेर नेणं कायद्याने गुन्हा आहे. नमस्कार.