आडनावात रेल्वे

[दृश्य: फलाटावरची पिवळी पाटी, मागून जाणारी मालगाडी]

विदर्भात धामणगावं बरीच. अमरावती जिल्ह्यातच धामणगाव गढी आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे. बडनेरा-वर्धा मार्गावरच्या या गावानं मात्र आडनाव लावलं ते रेल्वेचं: धामणगाव रेल्वे. शेजारच्या चांदूरचंही तेच. एक चांदूर बाजार, दुसरं चांदूर रेल्वे.

1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. 1867 मध्ये जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरला पोचली. पण नुसत्या रुळांनी गाव वाढत नाही. वाढतं ते बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या हिशोबानं.

[दृश्य: कापसाची बंडी, काळ्या मातीची गाडवाट]

यवतमाळ इथून 45 किलोमीटरच्या आसपास. भरल्या बंडीला दोन दिवसांची वाट. म्हणून स्टेशनाशेजारी बैलांना पाणी हवं, बंड्यावाल्यांना मुक्कामाला जागा हवी, अडत्याची गादी हवी, हर्रासाला मोकळं मैदान हवं. हे सगळं आलं की दुकानं आपसूक येतात.

शिवाय मोकळा कापूस वजनाला हलका, पण जागा फार खातो. मुंबईपर्यंत असा नेला तर भाडंही सुटायचं नाही. म्हणून त्यातलं बी, म्हणजे सरकी काढायची आणि उरलेली रुई दाबून गाठी बांधायच्या. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. म्हणजे आजच्या 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. पूर्वीची गाठ 392 पौंडांची. सरकी इथंच राहिली, तेलाला आणि ढेपेला, म्हणजे गुरांच्या पेंडीला. गाठ तेवढी वाघिणीत चढली.

[दृश्य: रेचा, अगदी जवळून]

रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. त्यात चामड्याच्या चकत्यांचा रोलर फिरतो, त्याला एक स्थिर पातं टेकलेलं असतं. रोलर तंतू आत ओढतो, दुसरं हलतं पातं सरकीला धक्का देऊन बाहेर पाडतं. कापूस ओला असला की तो रोलरला गुंडाळतो आणि रेचा अडतो. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारण्याची खोड जुनीच. ती रुई गाठीत पिवळी पडते. त्याहून वाईट खडा किंवा खिळा. पात्यावर ठिणगी उडते, ती रुईत शिरते आणि गाठ आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून जिनिंगच्या, म्हणजे रेच्यांच्या कारखान्याच्या आवारात आधी पाण्याचं टाकं पाहावं, मग यंत्रं.

[दृश्य: पावसातला रूळमार्ग]

काळी माती कापसाला चांगली, रुळांना वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मधे मुरमाचा थर नसला की खडी चिखलात रुतते, रूळ खाली बसतात. मग गाडी हळू चालवावी लागते.

[दृश्य: डांबरी रस्ता, ट्रकवर चढणाऱ्या गाठी]

पुढं ट्रक आले. ते जिनिंगच्या दारातून थेट सूतगिरणीच्या दारात जातात, मधली हमाली वाचते. विदर्भातल्या नव्या जिनिंगला मोठा रस्ता हवा असतो, मालधक्का नव्हे. नगरपालिकेच्या नावात आजही दत्तापूर आणि धामणगाव ही दोन गावं जोडून आहेत. तालुक्याच्या नावात मात्र रेल्वेच.