तेवीस नावांचा तक्ता : ॲक्रिंग्टन स्टॅनलीचे मोसम

[पडद्यावर : जुना छापील गुणतक्ता. कॅमेरा वरून सावकाश खाली येतो.]

हा 1961-62च्या मोसमाचा गुणतक्ता. इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा सगळ्यात खालचा, चौथा विभाग. जरा नावे मोजा. विभाग 24 संघांचा, आणि इथे भरतात 23.

चोविसाव्या संघाने त्या मोसमात 33 सामने खेळले होते. चिखलात लोळले, गोल केले, त्याहून जास्त खाल्ले. मार्चमध्ये तो संघ लीगमधून बाहेर पडला आणि त्याचे ते 33 सामने सगळ्यांच्याच हिशेबातून खोडून टाकले गेले. ज्यांनी त्याला हरवले त्यांचे गुणही गेले.

त्या संघाचे नाव ॲक्रिंग्टन स्टॅनली.

[दृश्य : लँकेशायर. ओल्या डोंगरउतारांवर लाल विटांच्या घरांच्या रांगा.]

ॲक्रिंग्टन हे मँचेस्टरच्या उत्तरेचे गाव. वस्ती 35 हजारांच्या आसपास. इथल्या विटा प्रसिद्ध. इतक्या कणखर की लोखंडाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच उलटा लिहून त्यांना नाव मिळाले : नोरी. ब्लॅकपूलच्या मनोऱ्याच्या पायात याच विटा आहेत. विटांच्या जोडीला कापडाच्या गिरण्या आणि गिरण्यांना लागणारी यंत्रे घडवणारे कारखाने. आपल्या गिरणगावात जे साचे आणि चात्या फिरल्या, त्यांचे माहेर हाच लँकेशायर परगणा. भोंगा, पाळी, शनिवारी दुपारी सुट्टी आणि सुट्टीत खेळ. हे चित्र परळ-लालबागच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

नावे मोजण्याचा प्रसंग या गावावर आधीही येऊन गेला होता. 1 जुलै 1916च्या सकाळी, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर 'ॲक्रिंग्टन पाल्स' ही पलटण खंदकातून बाहेर पडली. एकाच परिसरातले शेजारी, भाऊ, एका गिरणीतले सोबती. सुमारे 700 जण निघाले. त्यांपैकी 584 जण मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत.

आता फुटबॉलकडे येऊ.

1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, 12 क्लबांची. त्या बारांत ॲक्रिंग्टन नावाचा एक क्लब होता. पण तो हा नव्हे. त्या ॲक्रिंग्टनवर 1893 मध्ये दुसऱ्या विभागात उतरण्याची वेळ आली. त्यांनी उतरण्याऐवजी लीगच सोडली, आणि तीन वर्षांत क्लब संपला. आपला क्लब त्याच गावातल्या स्टॅनली स्ट्रीटवरच्या पोरांचा. 1891 मध्ये 'स्टॅनली व्हिला' म्हणून उभा राहिलेला. मोठा क्लब बुडाल्यावर गावाचे नाव या धाकट्याने आपल्यापुढे लावले.

1921-22. तिसऱ्या विभागाची उत्तर शाखा नव्याने सुरू झाली आणि स्टॅनलीला लीगमध्ये जागा मिळाली. पहिला सामना शेजारच्या रॉचडेलशी. तीन गोल केले, सहा खाल्ले. रॉचडेल हे नाव लक्षात असू द्या.

पुढची तीसेक वर्षे मी भरभर उलटतो, कारण तक्त्यातही ती तशीच आहेत : मधला क्रमांक, खालचा क्रमांक, महायुद्ध, पुन्हा खालचा क्रमांक.

मग येतो 1954-55. मॅनेजर वॉल्टर गॅलब्रेथ स्वतः स्कॉटलंडचे. त्यांनी तिकडून एकेक खेळाडू आणायला सुरुवात केली, आणि 1955 मध्ये एक दिवस असा आला की मैदानात उतरलेल्या अकराच्या अकरा जणांचा जन्म स्कॉटलंडचा होता. इंग्लंडच्या लीगमधला संघ, आणि त्यात एकही इंग्लिश माणूस नाही! हा संघ सुंदर खेळला आणि दुसरा आला. वरच्या विभागात बढती फक्त पहिल्याला होती. ती बार्न्सलीने नेली. 1957-58 मध्ये स्टॅनली पुन्हा दुसरा. या खेपेला पुढे होता स्कंथॉर्प.

ही दोन दुसरी स्थाने या इतिहासातली सगळ्यात महागडी ठिकाणे आहेत असे मला वाटते. त्यांतल्या एका वर्षी जरी वर जाता आले असते, तरी मोठे संघ पील पार्कवर, म्हणजे स्टॅनलीच्या मैदानावर, खेळायला आले असते, तिकिटे खपली असती. तसे झाले नाही. उमेद मात्र वाढून बसली होती, आणि तिच्यासोबत खर्च.

[दृश्य : पील पार्क आज. शाळकरी मुले पळताहेत. स्टँडचा मागमूस नाही.]

1958 मध्ये क्लबने एक जुना स्टँड विकत घेतला. ऑल्डरशॉटला लष्करी कवायतींच्या सोहळ्यासाठी तो उभारलेला होता. किंमत 1,450 पौंड, म्हणजे स्वस्तच. पण तो सुटा करून, एवढ्या लांब आणून, पुन्हा उभा करेपर्यंत खर्च जवळजवळ दहापट झाला. त्यात तो बांधला होता कवायत बघण्यासाठी. फुटबॉल त्यातून नीट दिसत नसे.

1959-60 मध्ये घसरण, थेट चौथ्या विभागात. आणि मग 1961-62.

24 फेब्रुवारी 1962. पील पार्कवर पाहुणा संघ होता रॉचडेल. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी पहिला सामना झाला, त्यांच्याशीच घरच्या मैदानावरचा शेवटचा. स्टॅनली 0-2 हरले. पुढच्या शुक्रवारी, 2 मार्चला, क्रू या गावात 0-4. देणी सुमारे 60 हजार पौंडांवर गेली होती. संचालकांनी लीगला राजीनाम्याचे पत्र धाडले.

त्यानंतर जे घडले ते मला आजही टोचते. पत्र गेल्यावर मदतीला माणसे पुढे आली. क्लबने लीगला कळवले की राजीनामा मागे घेतो, मोसम पुरा करतो. लीग म्हणाली, नाही. पत्र आले, ते स्वीकारले, विषय संपला. तेरा सामने उरले होते. ते खेळू दिले असते तर कोणाचे काय बिघडले असते, याचे उत्तर मला कुठल्याही कागदात सापडलेले नाही.

रिकाम्या जागेवर ऑक्सफर्ड युनायटेडला घेतले गेले. हेही नाव लक्षात असू द्या.

स्टॅनली लँकेशायरच्या स्थानिक स्पर्धेत चार वर्षे रेटत राहिला. 1966 च्या सुरुवातीला तेही थांबले. 1966-67, 1967-68, 1968-69, 1969-70 : या चार मोसमांसमोर काहीच लिहिलेले नाही. संघच नव्हता.

[काळा पडदा. चार सेकंद शांतता.]

1968 मध्ये गावातली काही माणसे जमली. त्यांनी ठरवले, क्लब पुन्हा उभा करायचा. मैदान दुसरे घेतले, क्राउन ग्राउंड. 1970-71 मध्ये लाल जर्सीतला संघ पुन्हा मैदानात उतरला.

इथे ज्यांना ही रचना नवी आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो. इंग्लंडमध्ये एकाखाली एक विभाग आहेत, पार गावपातळीपर्यंत. वरचे संघ चढतात, खालचे उतरतात. पण फुटबॉल लीगच्या दारावर पूर्वी मतदान होते. खालच्या संघाला आत घ्यायचे की नाही हे आतले क्लब मत देऊन ठरवत. 1987 पासून ते दार गुणांनी उघडू लागले. नव्या स्टॅनलीच्या कामी आला तो हाच बदल.

तोवर मात्र नाव चेष्टेचे झाले होते. 1989 मध्ये टीव्हीवर दुधाची एक जाहिरात लागायची. एक मुलगा सांगतो : लिव्हरपूलचा नावाजलेला खेळाडू इयन रश मला म्हणाला, दूध प्यायला नाहीस तर तू फक्त ॲक्रिंग्टन स्टॅनलीकडून खेळण्याच्या लायकीचा राहशील. दुसरा विचारतो : ॲक्रिंग्टन स्टॅनली? ते कोण? पहिला म्हणतो : तेच तर! सारा देश हसला. गावातली माणसे तेव्हा शनिवारच्या शनिवार क्राउन ग्राउंडवर जातच होती.

1999-2000. मॅनेजर जॉन कोलमन आणि त्यांचे सहायक जिमी बेल. पहिल्याच मोसमात नॉर्दर्न प्रीमियर लीगचा, म्हणजे फुटबॉल लीगच्या खालच्या एका स्पर्धेचा, खालचा विभाग जिंकला. 2002-03 मध्ये वरचाही. मध्यंतरी एक घबाड हाती आले. क्लबने ब्रेट ऑरमरॉड नावाचा फॉरवर्ड ब्लॅकपूलला विकताना पुढच्या विक्रीत वाटा राखून ठेवला होता. 2001 मध्ये साउदॅम्प्टनने त्याला दहा लाखांहून जास्त पौंड मोजून घेतले, आणि एका कलमाच्या जोरावर या छोट्या क्लबकडे लाखोंची रक्कम आली. 1958 मध्ये स्टँड घेताना न सुचलेले शहाणपण इथे कामी आले.

2005-06. 15 एप्रिलला वोकिंगमध्ये 1-0 असा विजय, तीन सामने शिल्लक असतानाच फुटबॉल लीगच्या लगेच खालच्या स्पर्धेचे विजेतेपद. 44 वर्षांनी ॲक्रिंग्टन स्टॅनली फुटबॉल लीगमध्ये परतला.

आणि त्याच मोसमात, 6 मेच्या दुपारी, लेटन ओरिएंटकडून 2-3 हरून लीगबाहेर कोण गेले? ऑक्सफर्ड युनायटेड. 1962 मध्ये ज्यांना यांची जागा मिळाली होती, ते. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

पुढे चढउतार सुरूच. 2009 मध्ये कराची थकबाकी तीन लाख पौंडांच्या वर गेली आणि क्लब पुन्हा कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला. लोकांनी डबे फिरवले, इलियास खान नावाचे गुंतवणूकदार मदतीला आले, क्लब वाचला. 2012 मध्ये कोलमन रॉचडेलला गेले, 2014 मध्ये परत आले. 2015 मध्ये अँडी होल्ट नावाच्या स्थानिक उद्योजकाने क्लब हाती घेतला.

2015-16 चा शेवटचा दिवस. स्टॅनली तिसऱ्या जागी राहिला तर थेट बढती. घरच्या मैदानावर स्टीव्हनेजविरुद्ध 0-0. तिकडे ब्रिस्टल रोव्हर्सने भरपाई वेळेत गोल केला आणि गोलफरकावर जागा हिरावली. उरलेल्या एका बढतीसाठीच्या सामन्यांत, प्ले-ऑफमध्येही, हार. 1955 आणि 1958 नंतर पुन्हा तेच, एका पायरीने.

म्हणूनच 17 एप्रिल 2018 ची रात्र इतकी मोलाची. समोर येओव्हिल. बिली की याने दोन गोल केले, 2-0, बढती पक्की. मोसमाअखेर 93 गुण आणि विजेतेपद, तेही जेमतेम दोन हजारांच्या सरासरी प्रेक्षकांवर. 58 वर्षांनी तिसऱ्या पायरीवर! पुढे दोन वर्षांच्या आत बिलीने मानसिक आजाराबद्दल उघडपणे बोलून खेळ सोडला. क्लबने त्याला थांबवले नाही, आणि त्याचे दोन गोल गावाने विसरले नाहीत.

[पडद्यावर : दुसरा गुणतक्ता, अलीकडचा.]

हा 2019-20 चा तक्ता. तिसरा विभाग, लीग वन. मोजा. पुन्हा 23.

या वेळी गहाळ झालेले नाव 'बरी'चे. तेही मुळात लँकेशायरचे गाव, 1885 चा क्लब, एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा दोनदा जिंकलेला. पैशांचा घोळ मिटेना म्हणून 27 ऑगस्ट 2019 रोजी त्याला लीगमधून काढले. लोक झाडू घेऊन मैदान साफ करायला जमले होते. त्यांना वाटले होते सामना होईल. याच तक्त्यात 17व्या स्थानावर ॲक्रिंग्टन स्टॅनली आहे, आणि लगेच खाली रॉचडेल. क्लब कर्जावर चालवू नयेत, हिशेब कोणीतरी बाहेरचा तपासावा, असे होल्ट मोठ्याने सांगत राहिले. 2025 मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी स्वतंत्र नियामकाचा कायदा केला.

स्टॅनली लीग वनमध्ये पाच मोसम टिकला. 2022-23 मध्ये घसरण. मार्च 2024 मध्ये कोलमन यांनाही जावे लागले आणि जॉन डूलन आले.

11 जानेवारी 2025. एफए कपची तिसरी फेरी. ॲनफिल्ड, लिव्हरपूल. इयन रशचे मैदान. निकाल 4-0, लिव्हरपूलच्या बाजूने. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये हजारो माणसे होती, आणि त्या दिवशी तरी 'ते कोण' असे कोणी विचारले नाही.

मोसम संपला तेव्हा खालचे दोन संघ लीगबाहेर गेले.

[पडद्यावर : 2024-25, चौथा विभाग, लीग टू. कॅमेरा सावकाश खाली सरकतो आणि थांबतो.]

नावे 24. एकविसावे, ॲक्रिंग्टन स्टॅनली.