सावली पाहून कणा कसा कळणार?

माइक येऊन राहिला ना मागे? बरं. विषय मोठा छापला आहे, 'मणक्याची विकृती आणि त्रिमितीय इमेजिंग'. 'विकृती' हा शब्द मला आवडत नाही, आपण बाक म्हणू.

तर एक आई पोरीला घेऊन आली, तेरा वर्षांची. तक्रार टेलरची. इतवारीतला जुना टेलर, पण युनिफॉर्म दोनदा शिवला तरी एका बाजूने वरच. ती त्याला बोलायला गेली तर तो म्हणे, ताई, कापड बरोबर आहे, पोट्टीचा खांदा पहा. आता आई भडकणारच ना! पण राजेहो, त्या माणसाने फक्त टेप लावून स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा हा बाजूला गेलेला बाक, पकडला, आणि घरात पाच माणसं रोज तिला पाहत होती. मी तिला पुढे वाकायला लावलं, अॅडम्सची टेस्ट, 1865 पासूनची, खर्च शून्य. उजव्या बरगड्या टेकडीसारख्या वर आल्या. (घरी जाऊन पोरांना वाकवून पहा, पण प्रेमाने.)

एक्स-रेमध्ये बाक 38 अंश. सहा महिन्यांनी दुसरीकडे काढला, रिपोर्ट 42, आणि कोणीतरी सांगून टाकलं की वाढला, ऑपरेशन करा. बाप बेसा रोडचा प्लॉट विकायला निघाला हो! मी दोन्ही फिल्म खिडकीशी धरल्या, पेन्सिल-कोनमापक घेऊन स्वतः मोजलं, मला 40 आणि 41 आले, दुसऱ्या दिवशी परत मोजलं तर तेही हलले. कॉबची ही पद्धत 1948 ची, चांगलीच आहे, पण चारपाच अंशांचा फरक मोजणाऱ्याच्या हातातच असतो. म्हणजे चार अंशांवर प्लॉट चालला होता. नाही विकला, आता भाव तिप्पट झालाय, त्याचं श्रेय मला कोणी देत नाही.

मुद्दा असा की एक्स-रे म्हणजे सावली. मे संपता संपता भर दुपारी आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या खांबापाशी उभे रहा, सूर्य डोक्यावर, खांबाची सावली पायाशीच गोळा. ती पाहून खांबाची उंची सांगा बरं! कणाही तसाच. तो नुसता बाजूला कलत नाही, ओला टॉवेल पिळावा तसा पिळला जातो, मणके स्वतःभोवती फिरतात, बरगड्या ओढत नेतात. ती टेकडी दिसते ती त्या पिळाची, कॉबच्या अंशात पीळ कुठेच नाही.

काय? पाच मिनिटं? अहो, आत्ता तर विषय सुरू झाला! बरं, भरभर सांगतो.

सीटी स्कॅनमध्ये पीळ दिसतो, पण पेशंट आडवा असतो, आणि आडवं झालं की बाक थोडा सैल पडतो, शिवाय रेडिएशन जास्त, वाढत्या पोरीला दर सहा महिन्यांनी ते कोण देणार? म्हणून ईओएस नावाचं एक्स-रे मशीन आलं. उभं राहूनच समोरून आणि बाजूने एकदम दोन फोटो, डोस कमी, मग कॉम्प्युटर कण्याचं 3डी मॉडेल बांधतो. यातला डिटेक्टर जॉर्ज शार्पाक यांच्या कामातून आला, 1992 चं फिजिक्सचं नोबेल त्यांना, ते शोधत होते अणूचे कण, सापडला आपला कणा.

ऑपरेशन ठरलं तर मात्र सीटी लागतोच बहुतेकदा, कारण स्क्रू मणक्याच्या ज्या देठातून जातो तो बाकाच्या आतल्या बाजूला फारच बारीक असतो, काही मिलिमीटरचा खेळ, अन् शेजारी मज्जारज्जू. तिथे नेव्हिगेशन, म्हणजे स्क्रूची वाट स्क्रीनवर दाखवणारा कॉम्प्युटर, असला किंवा 3डी प्रिंट केलेला कणा आधी हातात घेऊन पाहिला तर सर्जनला आदल्या रात्री झोप लागते. आणि ब्रेस, म्हणजे धडाला बांधायचा कडक पट्टा, साधारण 25 ते 40 अंशांना, वाढ बाकी असेल तर, त्याचं माप पूर्वी प्लास्टर गुंडाळून घ्यायचे, आता धडाचा स्कॅन होतो.

त्या पोरीला ब्रेस दिला, नागपूरच्या उन्हात, बाप्पा, किती शिव्या खाल्ल्या मी! वाढ थांबली तेव्हा बाक 39 होता. म्हणजे मी मोजला म्हणून 39. तिच्या आईने युनिफॉर्म परत त्याच टेलरकडे टाकला.